पदराच्या सहा गाठी

"पुढची गाठ सोडा बाई," डॉक्टर नाहिद म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

सत्यशीलाबाईंनी पदराचं टोक मांडीवर घेतलं. विसरायला नको म्हणून त्यांनी घरूनच सहा गाठी मारून आणल्या होत्या, एका दुखण्याची एक. तीन सुटल्या होत्या. हात कापतात, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांपुढे धुकं येतं.

"हे चवथी..." गाठ बोटांत धरून बाईंनी जरा आठवलं. "पोटात मुरडा येते. असा का माणूस गडाबडा लोळते."

नाहिदला घाई नव्हती. राळेगावच्या या दवाखान्यात दर गुरुवारी दुपारपर्यंत ती एकच पेशंट घ्यायची. ज्याचं दुखणं कुणालाच उमगत नाही, त्याच्याजवळ निवांत बसायचं, हा तिचा हट्ट. मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे प्रफुल्ल सरांना, ही सगळी थेरं वाटायची. "रांग पार रस्त्यावर गेली आणि तू इथं गप्पा हाणतेस!" आज सकाळी तर त्यांनी सुनावलंच होतं. आज एक तरी धड निदान दाखव, नाहीतर तुझा गुरुवार बंद.

म्हणून नाहिद आज कान टवकारून बसली होती.

"लवकर करा बरं मॅडम," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "लेकरं म्हातारीपाशी ठेवून आली. तिले आवरत नाहीत."

"किती आहेत?"

"नऊ."

नऊ! नाहिदने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. एवढं खटलं आणि वर ही सहा दुखणी. बाई उभी राहते हेच नवल.

पाचव्या गाठीतून छातीची दाटण निघाली. सहावीतून घाम. थंडीच्या दिवसांतही दरदरून सुटणारा.

"हात पुढे करा."

बाईंनी हात पुढे केला. तो तसूभरही हलला नाही. नाडी चोख, छाती साफ, डोळे काचेसारखे स्वच्छ. नाहिद चक्रावली.

"कापत तर नाहीत हो."

"आता कसे कापतीन?" बाई म्हणाल्या. "कापूस वेचून आलं का सांजच्याले कापते. घरी दोन-चार रोज राह्यलं का बरं वाटते."

एवढ्यात प्रफुल्ल सरांनी दारातून डोकं आत घातलं. "सापडलं का काही?"

"सर, सहाही तक्रारींचं मूळ एकच असावं असं वाटतंय."

"सहा दुखणी म्हणजे सहा दुखणी, नाहिद. ओढूनताणून एका दोरीत ओवू नकोस." आणि ते निघून गेले.

नाहिद चिडली, पण तिचं डोकं आता भिंगरीसारखं फिरत होतं. बाईचं अंग ठणठणीत आहे. म्हणजे आजार अंगात नाहीच! तो बाहेरून येतो. वावरात येतो आणि घरी राहिलं की उतरतो.

"बाई, दोन-चार दिवसांत वावरात गेला होतात?"

"नाही."

नाहिदचे डोळे चमकले. "वेचणीला पाणी कुठलं असतं?"

"मालकाचा निळा ड्रम असते वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी. त्यातलंच."

"त्या ड्रममध्ये आधी काय असायचं?"

"फवारनीचं औषध कालवत होते. पन धुतला म्हणे चांगला."

"या अल्लाह!" नाहिद खुर्चीतून ताडकन उठली. हात, लाळ, डोळे, पोट, छाती, घाम. सहाही गाठी एका झटक्यात सुटल्या होत्या. आनंदाने तिला नाचावंसं वाटत होतं. ती धावत बाहेर गेली आणि सरांना हाताला धरूनच घेऊन आली. रांगेतली माणसं बघत राहिली.

सरांनी सगळं ऐकलं. दोन प्रश्न विचारले. मग चष्मा काढून पुसत बसले.

"फवारणीचं विष," ते शेवटी म्हणाले. "रोज घोटघोट. शाब्बास पोरी! गुरुवार तुझा. मी हरलो."

नाहिद बाईंकडे वळली. "ऐकलंत ना बाई? सहा नाही, एकच आजार आहे. तो ड्रम! त्यातला एक घोटही आता प्यायचा नाही. प्यालात तर जिवावर बेतेल."

सत्यशीलाबाईंचा चेहरा उतरला. घाबरली बिचारी, नाहिदला वाटलं. तिने सुई हातात घेतली. "द्या हात. रक्त तपासून खात्री करून घेऊ."

बाईंनी हात झटकन मागे ओढला.

"माह्यं रक्त घेऊन काय कराल मॅडम? मले तं काहीच नाही झालं."

"म्हणजे?"

"तुम्ही गुरुवारी एकीलेच टाइम देता. वेचाचे दिवस, वेचनाऱ्या साऱ्याजणी कशा येतीन? मी वावरात जात नाही, त्याइची लेकरं सांभाळतो. म्हणून साऱ्यायनं मलेच धाडलं." बाईंची बोटं चुरगळलेल्या पदरावरून फिरू लागली. "हे गाठ रुखमाची होती. हे नलूची. हे जमनाची..."

सहाव्या जागी बोट थांबलं. बाईंनी खिडकीबाहेर ऊन पाहिलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

"जेवनाची सुट्टी झाली असंन मॅडम. साऱ्या ड्रमापाशीच बसल्या असतीन आता."