बांधापलीकडची माती

पहार खणकन वाजून उडाली. "काकी, वीतभरसुद्धा खड्डा होईना," पुतण्या मल्लाप्पा घाम पुसत म्हणाला.

गौरव्वानं पालखीत बसवलेल्या नवऱ्याच्या देहाकडं पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच, सरपंच बसगोंडांनी, मागं लागून पूरबांधात माती घट्ट करणारे जिवाणू सोडवून घेतले आणि महिन्याभरात मातीचा दगड झाला. यंदा कृष्णा दोनदा फुगली, पण गावात थेंब शिरला नाही.

जिवाणूंची उरलेली चार पिंपं बांधाचा इंजिनिअर परत नेत होता. बसगोंडांनी हट्टानं ती रुद्रभूमीत, गावाच्या दफनभूमीत, ओतायला लावली. आधीच्या पुरानं त्यांच्या आईची समाधी उकरून नेली होती. "आता आपलं माणूस जागचं हलायचं नाही," ते म्हणाले होते. त्यानंतर गावात वारलेलं पहिलं माणूस तेच.

"जाळायचं का?" मल्लाप्पानं दबकत विचारलं.

"आपल्यात जाळतात होय रे?"

"मग मऊ माती बांधाच्या पलीकडंच राहिलीय. नदीच्या अंगाला."

गौरव्वानं पदर खोचला.

"चला तर. अख्खं गाव पुरातनं काढलं ह्यांनी. आता ह्यांनाच तेवढं पुरात ठेवून येऊ."