वहीत नसलेले आकडे

"हे आकडे तुमच्या वहीत नाहीत, ताई," सिस्टर म्हणाली आणि साखर तपासायचं यंत्र तिने टेबलावर पुढे सरकवलं.

पडद्यावर ३१२ होते. सिस्टरने बटण दाबलं. २८६. पुन्हा दाबलं. ३४१. वहीत मात्र गेल्या पंधरा दिवसांत एकही आकडा सव्वाशेच्या वर गेला नव्हता.

वही जिची होती तिला सातवा महिना लागला होता. गरोदरपणात साखर वाढलीय हे कळलं त्या दिवशी ती दवाखान्याच्या बाकावर बसून पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून कामाला लागली. दिवसातून चारदा बोट टोचायचं, आकडा लिहायचा, मोजून जेवायचं, जेवल्यावर चालायचं. एवढं सगळं करून आता ती खोटारडी ठरत होती.

हे मी घेतलेच नाहीत, असं तिने दोनदा सांगितलं. सिस्टरने अशी उत्तरं पुष्कळ ऐकली असावीत. डॉक्टरांनी वही पाहिली, यंत्र पाहिलं आणि सोमवारपासून इन्सुलिन सुरू करू म्हणाले. साखर खरोखरच ताब्यात असेल आणि तरी इन्सुलिन घेतलं तर काय होईल, असं तिने विचारलं.

"एकदम खाली जाईल. शुद्ध हरपेल तुमची. पोटात बाळ आहे, म्हणून म्हणतो, खरं काय ते सांगा."

खरंच तर सांगत होती ती. ऐकायला कोणी तयार नव्हतं.

घरी आल्यावर तिने स्वतः यंत्र उघडलं. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ होती. ते तिन्ही दुपारी चारच्या आसपासचे होते. जेवणानंतरची तपासणी करून ती सव्वातीनला पुन्हा शिवणकामाच्या दुकानात कामाला जायची. चार वाजता ती कपडे उसवत नाहीतर आवळत असायची, तोंडात टाचण्या धरून. त्या वेळी घरी फक्त सासूबाई आणि शाळेतून आलेली सात वर्षांची चिमणी.

तिच्या मनात पाल चुकचुकली. डबीतल्या तपासणीच्या पट्ट्या मोजल्या तर चार-पाच कमी भरल्या. यंत्राच्या पिशवीची चेनही हल्ली अर्धवटच लावलेली असायची.

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात डॉक्टरला हात लावू दिला नव्हता. आणि परवाच त्या यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. साखर असणार, नक्की असणार, आणि चोरून तपासत असणार. सुनेवर बालंट आलं तरी यांचं गुपित राहायला हवं.

संध्याकाळी नवऱ्याला सोफ्यामागे बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. त्याने आईकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

"एखाद-दुसरं खाल्लंस तर मी रागावणार नाही," तो हळूच म्हणाला. "पण लपवू नकोस."

ते तिला फार लागलं. पण खात्री झाल्याशिवाय कोणाचं नाव घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुम्ही पण एकदा साखर तपासून घ्या ना."

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला. "तू चिमणीकडे बघ. आज परत गादी ओली केलीन. धाकटं येणार म्हटल्यावर मोठी मुलं असंच करतात. तुझ्या नवऱ्याने काय कमी गाद्या भिजवल्या!"

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सासूबाई किती सफाईने निसटल्या, हे तिला मात्र बरोबर दिसलं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने चिमणीचा शाळेचा स्कर्ट कमरेत आणखी एक इंच आवळला. महिन्याभरात दुसऱ्यांदा. या वयात पोरी उंच होतात आणि बारीक दिसतात. माप घेताना चिमणी एका जागी उभी राहीना, तिला पाणी हवं होतं. पाण्याचा दुसरा पेला तिच्या हातात देताना आईचं सगळं लक्ष स्वयंपाकघरातल्या सासूबाईंवर होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिने दुकानात पाठ दुखतेय असं सांगितलं आणि ती निघाली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, चपला हातात घेतल्या. आज रंगेहाथ पकडायचं, मग काय व्हायचं ते होवो.

सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर गाढ झोपल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

आतून यंत्राचा टीक असा आवाज आला.

तिने दार ढकललं. पलंगावर चिमणी शाळेच्या कपड्यांत मांडी घालून बसली होती. शेजारी बाहुली, तिच्या फ्रॉकखाली रुमाल कोंबून पोट केलेलं. चिमणीच्या डाव्या बोटावर रक्ताचा ठिपका होता.

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. कोणाच्याही पोटात पाप नव्हतं. पोरगी आई-आई खेळत होती, आणि आपण म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवून बसलो, याची तिला मनापासून लाज वाटली. आता सिस्टरला फोन केला की झालं. सोमवारचं इन्सुलिन टळलं. ती पलंगावर टेकली आणि तिने लेकीला जवळ ओढलं.

"दुखलं ना गं?"

"थोडंच. मी हात साबणाने धुतले, पुसले पण. तू करतेस तस्सं."

चिमणीने यंत्र दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर धरलं. बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

"बघ ना आई, रोज माझाच नंबर तुझ्यापेक्षा मोठा येतो."