जंगूची लढाई

“म्हणजे जंगूची लढाई बरोबर होती, असं लिहू?” रंजीतानं विचारलं.

ग्रामसभेचा तिसरा दिवस होता. बी.एस्सी. झालेली रंजीता इतिवृत्त लिहीत होती. तिनं वहीत दोन रकाने आखले होते, बरोबर आणि चूक. काल ‘बरोबर’ म्हणणारे तिघे आज ‘चूक’ म्हणत होते. तिची खाडाखोड वाढत चालली होती.

जंगू सगळ्यांपासून लांब, मोहाच्या झाडाखाली बसला होता. बारा वर्षं बंदूक घेऊन नक्षल्यांसोबत जंगलात होता. आत्मसमर्पण करून आला होता. गावात परत राहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं; पण सभा त्याच्या लढाईवरच अडली होती.

“हुकूमशाहीच होती ना तवा,” डोमाभाऊ म्हणाला. “ठेकेदार मारे. जंगलाचा गार्ड कोंबड्या उचलून नेये. कोनाले सांगाचं होतं?”

“अन् सुकरीबाईचा पोरगा?” पत्रू उसळला. “पोलिसाचा खबऱ्या म्हनून मारला त्याले. तो कोन्त्या देशाचा राजा होता?”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

या गावात हात वर करून मतं मोजत नाहीत. एकेकाला विचारतात. एकाचंही ‘नाही’ आलं, तर दुसऱ्या दिवशी परत बसतात. दोन दिवस सुकरीबाईचं ‘नाही’ आलं होतं.

आज तिनं जंगूलाच विचारलं. “माह्या पोराले मारलं, तवा तू होता तिथी?”

“होतो बाई. त्याच्याच पहाऱ्यावर.”

“लढाई बरोबर का चूक, मले नाई समजत,” सुकरीबाई म्हणाली. “पोरगा शेवटी काय बोलला, ते या एकालेच मालूम हाय. राहू द्या त्याले.”

लोक अंगावरची धूळ झटकत उठू लागले. रंजीतानं दोन्ही रकान्यांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘एकमत.’

“थांब वो,” डोमाभाऊ म्हणाला. “एक जन राह्यला. जंगू, तुहं काय?”

जंगूनं दचकून वर पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं सुकरीबाईकडे पाहिलं.

“माहं नाई,” तो म्हणाला. “मी नसतं राहू देल्लं.”

रंजीताचा पेन थांबला. लोक परत खाली बसले. डोमाभाऊनं दुपट्टा खांद्यावर टाकला.

“मंग उद्या परत बसू. जंगू, तू बी येजो. तुह्याबिगर एकमत होत नाई.”