शालन सांगेल तिकडे

गाडी कुंदा चालवायची आणि रस्ता शालन सांगायची. दर डिसेंबरला युद्धस्मारकावर फुलं वाहायला जाताना हे ठरलेलंच. एकाहत्तरच्या लढाईत कुंदाचा नवरा बॉम्बर विमान चालवत होता आणि शालनचा नवरा मागे बसून त्याला वाट सांगत होता. विमान वाट चुकून भलतीकडे गेलं आणि पडलं, एवढंच दोघींना कळवण्यात आलं. वाट चुकली म्हटल्यावर लोकांनी कुणाकडे बोट दाखवलं ते उघड होतं. शालननं ते पन्नास वर्षं मुकाट ऐकून घेतलं.

"डावीकडे घे," पुलापाशी येताच शालन म्हणाली.

स्मारक उजवीकडे होतं. कुंदाला ते डोळे मिटूनही सापडलं असतं. तिनं शेजारी पाहिलं. शालन मांडीवर शेवंतीची फुलं धरून, ताठ बसून, समोर नजर लावून होती. कुंदानं गाडी डावीकडे घेतली.

रस्ता एका लाकडाच्या वखारीत जाऊन संपला. शालन फुलांचा कागद तेवढा चुरगळत राहिली.

दोघी स्मारकापाशी पोहोचल्या तेव्हा कार्यक्रम आटोपला होता आणि जवान खुर्च्या उचलत होते.

"रस्ता चुकलात का मॅडम?" एका तरुण अधिकाऱ्यानं अदबीनं विचारलं.

शालनची मान खाली गेली.

"हिनं बरोबर सांगितलं होतं," कुंदा म्हणाली. "चालवणारीनं ऐकलं नाही."