निळ्या नळीतलं तेल

तिसऱ्यांदा रंगाला डोळे पडले. कपाटाच्या गुलाबी दारावर गोल गोल खड्डे उमटले, जणू कुणी रात्रभर दाराला टेकून रडलं होतं.

"तेल," निजामोद्दीनचाचा म्हणाले. "निळ्या नळीत तेल. आता बोल, अश्वजित."

अश्वजितचे कान तापले. मुदखेडला चाचांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात अकरा वर्षं तो कपाटं करत होता. काँप्रेसर एक, नळ्या दोन. लाल नळीवर घासायचं मशीन. रोज सकाळी त्याच्या तोंडात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, नाही तर ते आतून झिजून मरतं. निळी नळी रंग फवारायच्या गनची. तिला तेलाचा वासही खपत नाही. हे त्याला चाचांनीच शिकवलं होतं, कान पिळून.

"म्या न्हाई घातलं, चाचा."

"मग जिन्न येऊन घालून राहिला का?"

बाजेवर भोकरहून आलेले, चाचांच्या मनतशाच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामू बसले होते. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"कपाट घरात आल्याबिगर आम्ही निकाहची तारीख धरत न्हाई. तीन हप्ते झाले, निजामभाई. तुमचा रंग टिकंना. जबान तरी टिकणार हाय का?"

"चार माणसांत दिलेली जबान हाय, मामू. मी फिरणारा माणूस न्हाई."

"बघू की. आन् पोरीला सांगून ठेवा, ते नर्सिंगचं खूळ बास आता. आमच्याकडं भांडी लई हायेत."

चहा घेऊन आलेल्या मनतशाच्या हातात कपबशी वाजली. नांदेडच्या कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष होतं. तिने बापाकडे पाहिलं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची मान लालबुंद झाली होती. हातातला पाना त्यांनी अश्वजितच्या पायाशी असा आपटला, की फरशीचा टवका उडाला.

"आज चौथा हात मारतो," ते अश्वजितवर ओरडले. "हाही बिघडला तर उद्यापासून या शेडाचं तोंड बघायचं न्हाई."

"चौथा बिघडला तर आम्हालाबी दुसरी घरं हायेत," मामू उठत म्हणाले. "चला, जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली."

दोघं मशिदीकडे निघाले. शेडात अश्वजित उरला, आणि त्याचा संताप.

अकरा वर्षं. एका थेंबाची चूक नाही. आणि आज परक्या माणसासमोर चोर ठरलो. त्याने निळी नळी सोडवली, हवा मारून कोरडी केली, स्वच्छ फडक्याने दोनदा पुसली. पुसता पुसता त्याला मनतशाच्या हातातली ती थरथरणारी कपबशी आठवली. रंगाआधी दर वेळी चहा घेऊन शेडात कोण आलं होतं?

तिला लग्न नको असेल तर तिने बापापुढे उभं राहावं. माझ्या भाकरीत माती का कालवावी? लहानपणी खांद्यावर बसवून उरूस दाखवला होता तिला. त्याची ही परतफेड.

आज रंगेहाथ धरायचं, त्याने ठरवलं. नळी जागेवर जोडली आणि रंग न दिलेल्या एका कपाटात शिरून त्याने दार बोटभर उघडं ठेवलं. आत पत्रा तापला होता. घाम डोळ्यांत उतरत होता. गल्लीच्या टोकाला मशिदीच्या भोंग्यावरून नमाजआधीचं बयान, मौलवींचं प्रवचन, सुरू होतं. तिला काय बोलायचं ते तो मनात घोळवत राहिला. बाई, तुझ्यापायी माझं घर उपाशी पडंल, याचा इचार केलास का?

शेडाचं दार हळूच उघडलं. पावलं दबकत आली आणि काँप्रेसरपाशी थांबली. नळीचा जोड सुटल्याचा बारीक आवाज झाला.

अश्वजितने फटीला डोळा लावला.

पांढऱ्या कुर्त्याच्या खिशातून तेलाची बाटली काढून निजामोद्दीनचाचा पुटपुटले, "बिस्मिल्ला," आणि निळ्या नळीत त्यांनी सावकाश, एकेक करून, तीन थेंब सोडले.