बाहीतून हात घालताना

जनुकातल्या दोषामुळे नेत्राला चालता-बोलता येत नव्हतं आणि फिट्स येऊ नयेत म्हणून ती लहानपणापासून गोळ्या घेत होती. काल दावणगेरेच्या घरी फ्रॉकच्या बाहीतून हात घालताना तिच्या हाताचं हाड आईच्या, सुमंगलाच्या, हातातच मोडलं.

शेजारीपाजारी जमले होते. त्यांच्यादेखत सासूबाई म्हणाल्या, "कंटाळली असेल पोरीला. पिरगाळला असेल हात."

सुमंगलानं नवऱ्याकडे पाहिलं. चन्नबसू म्हणाला, "मी दुकानात होतो. मला काय ठाऊक?"

तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. खरंच आपण जोरात ओढला का, हाच विचार डोक्यातून जाईना.

आज फिटचे डॉक्टर नेत्राचं प्लास्टर बघून म्हणाले, "तुमचा काही दोष नाही, अम्मा. या गोळ्या बंद करता येत नाहीत, पण वर्षानुवर्षं घेतल्या की अशा मुलांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून तर गेल्या वर्षी तुमच्या यजमानांना बजावलं होतं की, हाडांची तपासणी करून घ्या, तिला उन्हात बसवत जा, कपडे घालतानाही जपा."

बाहेर आल्यावर चन्नबसू हळूच म्हणाला, "तू घाबरली असतीस, म्हणून बोललो नाही."

सुमंगलानं त्याच्या कडेवरून नेत्राला अलगद आपल्याकडे घेतलं.



"आणि काल सगळे मला मारकुटी आई ठरवत होते, तेव्हा कोण घाबरलं होतं?"