तीन अंश

झाकण चार मिलिमीटर उघडलं आणि तोफेच्या नळीला टेकलं.

मुरलीकृष्णने ते बंद केलं, पुन्हा उचललं. पुन्हा चार. प्रतिकृती एकास पस्तीस या प्रमाणात होती. म्हणजे खऱ्या रणगाड्यात चौदा सेंटीमीटर. चालकाचा हात बाहेर आला असता. डोकं नाही.

दुपारचे तीन वाजले होते. भुवनेश्वरी अक्का पाचच्या बसने तिरुवैयारुहून येणार होत्या.

रणगाड्याला चार महिने लागले होते. अंग नेट्टीचं, म्हणजे तळ्यातल्या झुडपाच्या पांढऱ्या भेंडाचं. तंजावुरात त्याची देवळं कोरतात. नळी, झाकण आणि बिजागऱ्या मात्र पत्र्याच्या, कारण भेंड दाबलं की दबतं. मुरली भौतिकशास्त्राचा पदवीधर, शाळांच्या प्रयोगशाळांसाठी नमुने करायचा. दबणारं माप त्याला चालत नसे.

अक्कांचे यजमान शहाजीराव एकाहत्तरच्या लढाईत असाच रणगाडा चालवत होते. तो पेटला. वरच्या फिरत्या बुरुजातले तिघे उड्या टाकून सुटले. चालकाला कोणी पाहिलं नाही आणि रणगाडा सरहद्दीपलीकडे राहिला. लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. सरकारी पत्रात लिहिलं होतं : बेपत्ता, मृत समजावे.

“बावीस वर्षं झाली, मुरली,” पहिल्या दिवशी अक्का म्हणाल्या होत्या. “समजावे, समजावे. मज समजायचं नाही. कळायला पाहिजे.”

पलटणीला पत्रं लिहून लिहून त्यांनी दुरुस्तीच्या पुस्तकातले आराखडे मिळवले होते, आणि जळालेल्या रणगाड्याचा एक फोटो. फोटो मागच्या बाजूने काढलेला. नळी डावीकडे वळून झुकलेली दिसत होती, झाकण दिसत नव्हतं. सुटलेल्यांपैकी एकाने कळवलं होतं, तोफ तशी वळलेली असली की चालकाला आतून बुरुजात येता येत नाही. राहिली एकच वाट, समोरचं झाकण. ते नळीखाली उघडतं का, एवढंच पाहायचं होतं.

“आणि ऐक,” जिना उतरता उतरता त्या थांबल्या होत्या. “मायेनं करू नकोस. मापानं कर.”

मुरलीने फोटोवरून नळीचा कोन तीन रीतींनी काढला. तिन्ही वेळा एकोणीस अंश. चूक फार तर एका अंशाची. त्या कोनावर त्याने बुरुजाखाली टाचणी मारून नळी पक्की केली होती.

त्याची आई, अंबुजा, फिल्टरची कापी घेऊन वर आली.

“उघडतं का रे?”

“नाही, अम्मा.”

“नीट पाहिलंस?”

“सतरा वेळा.”

“अय्यो.” टंबलर तिच्या हातातच राहिला. “मग काय सांगशील तिला?”

“आहे ते.”

“एवढं शास्त्र शिकलास, अक्कल कोठे ठेवलीस? रोज पहाटे कावेरीत न्हाऊन कुंकू लावते ती. माझ्यापेक्षा मोठं लावते. ते तू एका टाचणीनं पुसणार?”

“मी कोठे पुसतो? कोन आहे तो.”

“सरी, बरं. मग संध्याकाळी तिच्या तोंडाकडे बघायलाही तुझ्या त्या कोनालाच सांग.”

टंबलर ठेवून ती खाली गेली. कापीवर साय धरली. साडेचार वाजता मुरलीने चिमट्याने टाचणी उपटली.

एक अंश सरकवल्यावर झाकण सात मिलिमीटर उघडलं. दोन अंशांवर बारा. तिसऱ्या अंशाला ते नळीच्या बाजूने निसटून सरळ उभं राहिलं. एका अंशाला चूक म्हणता आलं असतं. तीन अंशांना नाही. त्याने टाचणी तिथे मारली आणि जुन्या भोकात भेंडाचा भुगा डिंकात कालवून भरला.

अक्का आल्या त्या एकट्या नव्हत्या. इस्त्रीच्या शर्टातले एक कृश गृहस्थ पायताण काढून दारातच उभे राहिले.

“हे वैद्यनाथ. आमच्या शाळेत गणित शिकवतात.”

वैद्यनाथ पुढे झाले, वाकले, नळीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“कोन किती धरला?”

“बावीस अंश.”

“फोटोवरून?”

“हो.”

“चूक किती असेल?”

“एका अंशाची.”

मुरलीने त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. वैद्यनाथांनी खिशाला लावलेलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं आणि मागे सरले. “मग बरोबर असेल,” ते म्हणाले.

अक्कांनी खुर्ची घेतली नाही. अंबुजाही जिन्यातून वर आली होती, चौकटीला धरून उभी होती. अक्कांनी करंगळीचं नख झाकणाच्या कडेखाली घातलं. क्षणभर तसंच ठेवलं. मग उचललं.

झाकण सरळ उभं राहिलं.

त्यांनी ते मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं.

“म्हणजे येथून ते बाहेर येऊ शकत होते.”

“हो, अक्का.”

“मापानं सांगतोस ना?”

अंबुजाने मुरलीकडे पाहिलं.

“मापानं.”

अक्कांचे डोळे भरून आले. अंबुजाने हात जोडले. “देवानं ऐकलं बघ तुझं,” ती म्हणाली. मुरलीने चार महिन्यांचा श्वास सोडला.

अक्कांनी पदराने डोळे टिपले, झाकण अगदी हलक्या हाताने मिटलं आणि दाराकडे वळल्या.

“वैद्यनाथ, शुक्रवारची रजिस्ट्रारकडची तारीख रद्द करा,” त्या म्हणाल्या. “माझं लग्न झालेलं आहे.”